इंग्रजीच्या तासाला वाचन-लेखनाचे वळण

इंग्रजीबद्दल आपण घरोघरी जितके बोलतो त्याच्या शतांशानेही इंग्रजीच्या तासाकडे पाहत नाही. मुलाचे इंग्रजी कच्चे आहे, ही तक्रार ओट्यावर, कचेरीत, लग्नाच्या मांडवात सर्वत्र ऐकू येते. आणि तिच्यावरचे उपायही ठरलेले असतात. शिकवणी लावा, व्याकरण पक्के करून घ्या, नाहीतर शाळाच बदला. परंतु इंग्रजीच्या तासाला बसलेला मुलगा त्या पस्तीस मिनिटांत प्रत्यक्ष काय करतो, हा साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला येथे त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि तोही मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेपुरता, म्हणजे आठवी ते दहावीच्या वर्गांपुरता.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तेव्हा दहावीच्या बाकावर येऊन बसलेल्या मुलाच्या पाठीशी या विषयाची नऊ वर्षे असतात. नऊ वर्षे तबल्यावर बसलेला मुलगा निदान ठेका तरी धरतो. येथे मात्र पुष्कळ मुलांना औषधाच्या वेष्टनावरची सूचना किंवा बँकेचा साधा अर्ज स्वतः वाचून उलगडत नाही. मुलांची बुद्धी कमी म्हणावी, तर हीच मुले भूमितीचे प्रमेय व्यवस्थित सोडवितात. शिक्षक कामचुकार म्हणावे, तर ते बिचारे तासभर घसा कोरडा करीत असतात. मग पाणी मुरते कोठे?

एक तास डोळ्यांसमोर आणा. हजेरी होते. शिक्षक धड्यातले एक वाक्य मोठ्याने वाचतात, त्याचा मराठीत अर्थ सांगतात, मग दुसरे वाक्य, मग तिसरे. मुले पुस्तकात शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून घेतात. धडा संपला की प्रश्नांची उत्तरे फळ्यावर येतात आणि फळ्यावरून वहीत उतरतात. निबंध असेल तर तो गाईडातून येतो आणि परीक्षेपुरता पाठ होतो. या सर्व व्यवहारात इंग्रजी वाचले कोणी? शिक्षकांनी. इंग्रजी वाक्य रचले कोणी? गाईड लिहिणाऱ्याने. मुलाने ऐकले, उतरविले आणि पाठ केले. पोहण्याच्या वर्गात गुरुजींनी रोज पोहून दाखवावे आणि शिष्यांनी काठावर बसून त्याचे टिपण घ्यावे, तसाच हा प्रकार होय. नऊ वर्षे काठावर बसलेल्यास पोहता येत नाही, यात नवल ते काय?

हा विचार नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी ढाक्यास शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ काम करीत असत. बंगाली मुलांना इंग्रजी कसे शिकविले जाते आणि त्यांच्या पदरात काय पडते, याची त्यांनी कसून तपासणी केली आणि १९२६ साली बंगालमधील द्वैभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. त्यांनी मांडलेली एक कल्पना आपणा सर्वांना चटकन समजेल, कारण ती विम्याच्या धंद्यातून घेतलेली आहे. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तर भरलेल्या पैशांपैकी जी रक्कम हाती येते तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. वेस्ट यांनी विचारले की मुलाने शाळा मध्येच सोडली तर शिकलेल्या इंग्रजीपैकी त्याच्या हाती काय उरते? चार वर्षे व्याकरणाचे नियम पाठ केलेला मुलगा शाळेबाहेर पडला तर त्याची ठेव बुडाली असेच समजावे. मात्र तोच मुलगा सोपे इंग्रजी पुस्तक स्वतःचे स्वतः वाचू लागला असेल, तर शाळा सुटली तरी त्याची शिदोरी सुटत नाही. ती वाढविणे त्याच्या हाती राहते.

म्हणून वेस्ट यांनी वाचनाला अग्रस्थान दिले. मुलांच्या पुस्तकांत दर पानावर नव्या शब्दांची गर्दी असते आणि त्यांतले पुष्कळ शब्द क्वचित लागणारे, ग्रंथी असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी नवी वाचनमाला रचली ती याच्या उलट तत्त्वावर. नवा शब्द विरळ यावा, आणि एकदा आला की पुढल्या मजकुरात तो पुनःपुन्हा भेटावा. नेहमी लागणाऱ्या सुमारे २००० शब्दांची त्यांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली आणि ती पुढे जगभर वापरली गेली. वेस्ट यांनी बोलण्याला फार मागे टाकले असा आक्षेप घेतला जातो, आणि तो आम्हांलाही काही अंशी मान्य आहे. परंतु ठेव बुडण्याचा त्यांचा प्रश्न आज आपल्या गावातही तितकाच खरा आहे. दहावीनंतर दुकानावर बसणारा, शेतीत उतरणारा, लग्न होऊन सासरी जाणारी, या सर्वांनी हप्ते भरलेले असतात.

आता वळण लावण्याचा विचार. आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. तिन्हीसांजेला दिवा लागला की मुलांनी परवचा म्हणावयाचा, हे कोणी रोज सांगावे लागत नसे. पाढे, तिथी, नक्षत्रे यांची उजळणी रोज त्याच वेळी, त्याच जागी होई. कित्ता गिरविण्याचेही तसेच. आज इंग्रजीच्या तासाला नेमके हेच हवे. रोज ठरल्या वेळी, न सांगता, प्रत्येक मुलाने थोडे स्वतः वाचावे आणि थोडे स्वतः लिहावे. फरक इतकाच की परवचा पाठांतराचा होता, हे काम अर्थाचे आहे.

वाचनासाठी तासाची पहिली दहा मिनिटे राखून ठेवावीत. घंटा होण्यापूर्वी दोन मुलांनी पेटीतली पुस्तके बाकांवर ठेवलेली असावीत, आणि शिक्षक वर्गात शिरतात तेव्हा वाचन सुरू झालेले असावे. हजेरी नंतर. शिक्षकांनीही या दहा मिनिटांत पुस्तकच वाचावे. वह्या तपासीत बसले की मुलांना कळते की हे काम दुय्यम आहे. मुले याबाबतीत फार चाणाक्ष असतात. वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नयेत, सारांश लिहून घेऊ नये. पुस्तकाचे नाव आणि तारीख एका वहीत मांडली की पुरे. शब्दकोश त्या दहा मिनिटांत उघडावयाचा नाही. अडलेला शब्द सोडून पुढे जावे, आणि फारच खटकला तर एखादा टिपून ठेवावा.

दहा मिनिटांत असे काय वाचून होणार, असे वाटेल. हिशेब करून पाहू. अडखळत वाचणारे मूल मिनिटाला चाळीस शब्द वाचते असे धरले, तर रोजचे चारशे शब्द झाले. वर्षात दोनशे दिवस तास झाला तर ऐंशी हजार. पाठ्यपुस्तकातील सारे धडे एकत्र केले तरी ते या आकड्याच्या जवळपासही येत नाहीत.

परंतु पुस्तक कोणते, यावर सारे अवलंबून आहे. भाषातज्ज्ञांनी पाहिले आहे की कोणाची मदत न घेता मजकूर नीट समजावयाचा असेल तर त्यातले शेकडा ९८ शब्द वाचकास ठाऊक असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत नवे फक्त दोन. दहावीचे पाठ्यपुस्तक पुष्कळ मुलांच्या बाबतीत या कसोटीस उतरत नाही. ते शिक्षकाच्या बोटाला धरून वाचावयाचे पुस्तक आहे, एकट्याने वाचावयाचे नव्हे. पुस्तक निवडण्याची एक सोपी युक्ती शाळांतून चालत आलेली आहे. मधले कोणतेही पान उघडावे आणि न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. मूठ वळली तर पुस्तक परत ठेवावे. आम्ही आमच्या वर्गांत पाचांऐवजी तीनच बोटे धरतो. पाच बोटांचे पुस्तक मूल भिडेखातर हाती धरून ठेवते, वाचीत नाही.

येथे एक अडचण आहे आणि ती नाजूक आहे. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाच्या हाती चिमणी-कावळ्याचे चित्रमय पुस्तक दिले तर त्याचा अपमान होतो. शब्द सोपे हवेत, पण विषय पोरकट नको. यावर आम्हांला सापडलेला उत्तम मार्ग म्हणजे ओळखीची गोष्ट. शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले, कर्णाचे चाक रुतले, बिरबलाने खिचडी शिजवली, हे मुलास मराठीत ठाऊक असते. तीच गोष्ट इंग्रजीत समोर आली की अनोळखी शब्दही गोष्टीच्या ओघात आपोआप उलगडतो. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली अमर चित्रकथा या कामी फार उपयोगी पडते. चित्र वयाला शोभते आणि गोष्ट घरची असते. नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या १९५७ साली स्थापन झालेल्या संस्थांची पातळ पुस्तके अल्प किमतीत मिळतात. प्रथम बुक्सने २०१५ साली स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ उघडले. तेथे वाचनाच्या चढत्या पायऱ्या लावलेल्या गोष्टी फुकट उतरवून घेता येतात, आणि पुष्कळदा तीच गोष्ट मराठीतही मिळते.

असल्या वाचनाने खरोखर काही साधते काय? याचा एक चांगला दाखला फिजी बेटांतून मिळतो. तेथील खेड्यांतल्या मुलांची स्थिती आपल्या मुलांसारखीच होती. घरची भाषा फिजीयन किंवा गिरमिटियांनी नेलेली हिंदी, आणि शाळेत इंग्रजी. १९८० साली वॉरिक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी काही शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी २५० मनोरंजक गोष्टींची पुस्तके दिली. काही वर्गांत शिक्षकांनी ती मुलांसोबत वाचली, काहींत मुलांनी रोज आपापली मुकाट्याने वाचली, आणि तुलनेसाठी घेतलेल्या शाळांत नेहमीचा वाक्यरचनांचा अभ्यासक्रमच चालू राहिला. आठ महिन्यांनी पाहिले तेव्हा पुस्तके मिळालेली मुले वाचनात आणि ऐकून समजण्यात सुमारे दुप्पट वेगाने पुढे गेली होती. दुसऱ्या वर्षअखेर तो लाभ लेखनापर्यंत पसरला.

मुले लहान होती आणि देश वेगळा होता, हे खरे. शिवाय दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली असा अभिप्राय दिला की नुसत्या मूकवाचनाला वेळ दिल्याने वाचन सुधारते, असे ठरविण्यास पुरेसा पुरावा नाही. आमच्या मते या दोहोंत वाटतो तितका विरोध नाही. ज्याला अक्षरे जुळवून शब्दच वाचता येत नाही त्याच्यापुढे पुस्तक ठेवून दहा मिनिटे शांत बसविणे म्हणजे त्याला दहा मिनिटे शांत बसविणे, इतकेच. तो पाने उलटतो, चित्रे पाहतो आणि शेजाऱ्याबरोबर पान संपविल्याचे सोंग आणतो. आठवीच्या वर्गात अशी मुले असतात, आणि ती थोडी नसतात. त्यांना मूकवाचनात ढकलू नये. त्यांच्यासाठी पुढल्या दोन बाकांवर शिक्षकांनी किंवा चांगल्या वाचणाऱ्या मुलीने तेच पुस्तक हळू आवाजात, शब्दाखाली बोट फिरवीत वाचावे, आणि त्यांनी मागोमाग वाचावे. एकच पुस्तक आठ दिवस चालले तरी हरकत नाही. मुले स्वतःच्या बळावर वाचू लागली म्हणजे ती आपणहून मागल्या बाकावर जातात.

वाचनापेक्षा लेखनाचे काम अवघड. कारण वाचताना चूक दिसत नाही, लिहिताना ती कागदावर उमटते, आणि आपल्या मुलांना चुकीचे भय फार. त्यांनी दिवाळीवरचा निबंध पाठ केलेला असतो, पण काल घरी काय झाले ते दोन वाक्यांत लिहा म्हटले की पेन थांबते. म्हणून तासाची शेवटची सहा मिनिटे एका निराळ्या वहीसाठी द्यावीत. आपल्या शाळांत कच्ची वही आणि पक्की वही हा भेद पूर्वापार आहे, तो येथे कामाला येतो. ही रोजची वही कच्ची. तीत तारीख घालून निदान तीन वाक्ये लिहावयाची. विषय जवळचे: आज डब्यात काय आहे, एस. टी. का चुकली, आजोबा कशावरून रागावले. शब्द अडला तर तो मराठीतच लिहून पुढे जावयाचे. हे शेवटचे कलम फार महत्त्वाचे, कारण एका शब्दापायी वाक्य अडता कामा नये.

आता या वहीत कोणी असे लिहिले समजा: 'यस्टरडे लाइट गो. वुई सिट ऑन ओटा.' जुन्या पद्धतीने पाहता येथे तांबड्या शाईची तीन-चार वर्तुळे पडावयास हवीत. आम्ही म्हणतो, वर्तुळ घालू नका, उत्तर लिहा: 'द लाइट वेन्ट आउट ॲट अवर हाउस टू. वुई सॅट ऑन द ओटा टिल टेन. व्हेन डिड इट कम बॅक?' मुलाने ज्या क्रियापदांत चूक केली त्यांची बरोबर रूपे उत्तरात आली, आणि प्रश्न विचारला गेल्यामुळे उद्याचे वाक्यही ठरले. कोणीतरी आपले इंग्रजी वाचून इंग्रजीत विचारपूस करते, हा अनुभव पुष्कळ मुलांच्या आयुष्यात पहिलाच असतो.

मग चुका सुधारावयाच्याच नाहीत काय? यावर विद्वानांत मोठा वाद झालेला आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली असे प्रतिपादन केले की परभाषेच्या लेखनातील व्याकरणाच्या चुका दुरुस्त करण्याचा काही उपयोग होत नाही, उलट तोटाच होतो. १९९९ साली डॅना फेरिस यांनी त्यांना उत्तर दिले की नेमकी आणि निवडक दुरुस्ती उपयोगी पडते. आमचा कौल फेरिस यांच्या बाजूने आहे, पण 'निवडक' हा शब्द अधोरेखित करून. एका पंधरवड्यात एकच दोष धरावा. मराठी मुलांचे दोष मराठीतूनच येतात, हे ध्यानी ठेवले म्हणजे निवड सोपी होते. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून मूल 'आय मँगो ईट' लिहिते. मराठीत 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती गळतात. 'मला ताप आहे' या वाक्यात मराठी मुलाचा 'मी' कर्त्याच्या जागी नसतोच, म्हणून 'आय हॅव फीवर' त्याला सुचत नाही. असा एक दोष घ्यावा, मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य फळ्यावर एकाखाली एक लिहून शब्दांच्या जागा दाखवाव्यात, आणि पंधरा दिवस तेवढ्याच दोषाकडे पाहावे. तर्खडकरांच्या भाषांतरमालेने आपल्या कित्येक पिढ्यांना हीच तुलना शिकविली. तिची आज थट्टा होते ती आम्हांला पसंत नाही. तिच्यात उणीव होती ती इतकीच की वाक्ये पुस्तकाची होती, मुलाची नव्हती.

शिक्षकांची खरी अडचण मात्र वेळेची असते. साठ मुलांचा वर्ग, एका वहीला तीन मिनिटे, म्हणजे रोजचे तीन तास. हे कोणाच्यानेही होणार नाही, आणि होणार नाही म्हणूनच मुळात लिहून घेतले जात नाही. यातून वाट अशी की रोज लिहावे सर्वांनी, पण शिक्षकांनी पाहाव्यात फक्त बारा वह्या. पाच दिवसांत साठ पुऱ्या होतात. एका वहीला दोन मिनिटे धरली तर चोवीस मिनिटांचे काम. मधल्या एका मोकळ्या तासात उरकते, आणि शनिवार हाती राहतो.

त्या शनिवारी पक्की वही उघडावी. आठवड्यातल्या कच्च्या वाक्यांतून एक निवडून मुलाने ते वाढवावे, शेजाऱ्याला वाचून दाखवावे, खोडावे, पुन्हा लिहावे. अमेरिकेत मेन राज्यातील नॅन्सी ॲटवेल या शिक्षिकेने आठवीच्या वर्गात चालविलेल्या अशा लेखनशाळेचे वर्णन १९८७ साली ग्रंथरूपाने केले आणि त्याचा तेथे मोठा प्रभाव पडला. त्यांच्या मुलांची ती घरची भाषा होती, म्हणून मुलाने विषय निवडावा आणि वाटेल तितके लिहावे, हे त्यांना शक्य झाले. आपल्या मुलांना आधाराला काठी लागते. ती काठी वाचनातून मिळते. वाचलेल्या पानावरचे एक आवडलेले वाक्य घ्यावे, त्याचा सांगाडा तसाच ठेवावा आणि नावे-गावे आपली घालावीत. कोणाच्या गोष्टीत म्हातारा कोळी समुद्रावर जातो, आपल्या वाक्यात चुलते बाजाराला जातात. कित्ते गिरवून मराठी लिहावयास शिकलेल्यांच्या नातवंडांना यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

अभ्यासक्रम पुरा कसा व्हावा, हा आक्षेप अर्थातच येतो. पस्तिसातून सोळा मिनिटे गेली, एकोणीस उरली. परंतु वाक्यामागून वाक्याचा मराठी अर्थ सांगत बसणे सोडले तर एकोणीस मिनिटांत धडा होतो. धड्याचा आशय आधी मराठीत चार वाक्यांत सांगावा आणि मग तीन-चार अवघड जागांवरच थांबावे. शिवाय दहावीच्या प्रश्नपत्रिकेत न पाहिलेला उतारा असतो, पत्र आणि इतर स्वतंत्र लेखन असते. त्यांचे गाईड निघते खरे, पण उतारा नवा निघाला की गाईड हात टेकते.

पालकांची तक्रार निराळी असते. वहीत तांबडी शाई दिसत नाही, म्हणजे मास्तर तपासीत नाहीत, असा त्यांचा समज होतो. जूनमध्येच पालकांना बोलावून एक वही दाखवावी, हे बरे. आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेत गुण वाढतील अशी आशा कोणीही धरू नये. पहिला महिना गडबडीतच जातो. अर्धी मुले पुस्तके बदलीत फिरतात. फिजीत देखील वाचनाचा फरक दिसावयास आठ महिने लागले आणि लेखनाचा दुसऱ्या वर्षी. आठवीत सुरू केलेले दहावीत हाती येते, म्हणूनच ते नववीच्या शिक्षकांनी मोडू नये, हे मुख्याध्यापकांनी पाहिले पाहिजे.

राहिला पुस्तकांचा प्रश्न, आणि येथे शाळेपेक्षा गावाचा संबंध अधिक येतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे तालुक्याच्या गावी अनुदानित सार्वजनिक वाचनालय बहुधा असतेच, आणि त्याला बालविभागही असतो. त्यात पातळ इंग्रजी पुस्तके मात्र अभावानेच आढळतात. गावात पाच माध्यमिक शाळा असतील तर पन्नास-पन्नास पुस्तकांच्या पाच पेट्या वाचनालयाने कराव्यात. प्रत्येक शाळेला एक पेटी द्यावी आणि दर दोन महिन्यांनी त्या फिरवाव्यात. वर्षअखेर पाचही शाळांतल्या मुलांच्या हाताखालून अडीचशे पुस्तके गेलेली असतील. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवावी, आणि ती जबाबदारी वर्गातल्या दोन मुलांकडे द्यावी. मे महिन्यात पेट्या वाचनालयात परत येऊ नयेत. प्रत्येक मुलाने एक पुस्तक सुटीत घरी न्यावे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आणावे. काही हरवतील, काहींची पाने सुटतील. बांधणीवाल्याचा खर्च वाचनालयाच्या अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवावा.